तीन नंबरच्या बेअरिंगची पाठ

१२ ऑगस्ट २०२५, मंगळवार

आज दिवसभरात मी जेवढं बोलले ते सगळं एका क्रँकशाफ्टविषयी होतं, आणि ज्याच्याशी बोलले तो निम्मा वेळ गप्प होता. तरी गेल्या महिन्याभरातला हा सगळ्यात बोलका दिवस. म्हणून ही डायरी काढली. निवृत्तीच्या वर्षी कारखान्याने दिलेली, २०१८ची, कोरी. तारखा खोडून वापरणार आहे.

हंबीररावांचं इंजिन टेम्पोत घालून साताऱ्याहून सांगलीला पोचवलं. दोन वर्षं ते आमच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली सुटं पडलं होतं. मल्हार मेटकरी हा त्यांच्या फौजेतल्या वर्कशॉपमधला माणूस, मूळचा आटपाडीचा. सतरा वर्षांची नोकरी करून सुटला आणि सांगलीत गॅरेज टाकलं. हंबीरराव गेले तेव्हा दहाव्याला आला होता आणि धाय मोकलून रडला होता. मी रडले नव्हते, हेही त्याने पाहिलं असणार.

त्याने सगळे भाग गोणपाटावर मांडले. क्रँकशाफ्ट धरून ठेवणाऱ्या पाच लोखंडी टोप्यांपैकी तीन नंबरची उचलली, उजेडाकडे धरली.

"मॅडम, सायबांनी हे बांधलं कवा?"

"नवरात्रात. दोन वर्षांपूर्वी."

"आन् जाम कवा झालं?"

"दिवाळीच्या आठ दिवस आधी. खंबाटकीत. कारण मला विचार. चुकीची बेअरिंगं घातली होती. मी सांगितलं होतं."

"व्हय मॅडम," म्हणाला, आणि ती टोपी रॉकेलात बुडवून ब्रशने घासत बसला. एकच टोपी, दहा मिनिटं. फौजेने याला सलाम ठोकायला शिकवलं, वेळेची किंमत शिकवली नाही.

परतीच्या एस.टी.त शेजारची जागा कऱ्हाडपर्यंत रिकामी होती. पिशवी ठेवायला बरी पडली.

१७ ऑगस्ट, रविवार

अंकिताचा फोन. रविवारी अकरा वाजता येतो, कुकरच्या शिट्ट्यांसकट. पुण्याहून.

म्हणाली, "आई, दिवाळीला मी तुला न्यायला येते. कायमची. बंगल्याचं नंतर बघू. आणि ती गाडी आता भंगारात दे गं."

मी म्हटलं, "दिवाळीला तू येऊ नकोस. मीच येईन, आणि त्याच गाडीतून येईन."

"तिला इंजिन आहे का?"

"बांधायला दिलंय. बेअरिंग ठरायचं आहे."

"चाकाचं?"

छत्तीस वर्षं बेअरिंगच्या कारखान्यात तपासणी विभागात काढलेल्या बाईच्या मुलीने हा प्रश्न विचारावा! मग समजावून सांगितलं. क्रँकशाफ्ट म्हणजे इंजिनाचा कणा. पिस्टन वरखाली होतात, हा गोल फिरतो. पाच ठिकाणी तो पेललेला असतो. प्रत्येक ठिकाणी बांगडी मधोमध कापावी तसे दोन अर्धे तुकडे असतात, तेच मेन बेअरिंग. वरचा अर्धा इंजिनाच्या ब्लॉकमध्ये बसतो, खालचा एका लोखंडी टोपीत, आणि टोपी बोल्टने आवळायची. शाफ्ट बेअरिंगला टेकत नाही. मध्ये तेलाचा पापुद्रा असतो, पन्नास-साठ मायक्रॉनचा. तुझा केस सत्तरचा आहे. त्या पापुद्र्यावर सगळं इंजिन चालतं. तो तुटला की...

"आई, भाजी लागतेय," अंकिता म्हणाली.

१९ ऑगस्ट, मंगळवार

सांगली. मल्हारने क्रँक घासून आणला होता. तीन नंबरवर ओरखडे होते, म्हणून सगळीकडे पाव मिलिमीटर काढावा लागला. मी माझा मायक्रोमीटर घेऊन गेले होते. निरोपाला घड्याळ देत होते. मी हा मागून घेतला. पाचही जागा चार-चार ठिकाणी मोजल्या. घासणाऱ्याचं काम चांगलं आहे. तसं म्हटलं नाही. लोक बिघडतात.

मग बेअरिंगांवर जुंपली. मल्हारच्या मते तीन थरांचीच हवीत: पाठीला पोलाद, मध्ये तांबं-शिसं, वर साबणाच्या फेसासारखा पातळ मऊ थर.

"सायबांनी इंजिन सादं ठेवलंय का मॅडम? दोन कार्बुरेटर, दाब वाढिवल्याला. सव्वाशे घोडं. एवढा दणका अल्युमिनियम सोसत न्हाई. आन् क्रँक पोलादी, लय कडक. कायतरी बारीक कण आला तर मऊ थर पोटात घेतोय. अल्युमिनियम घासत बसतंय."

"रस्त्यावरची गाडी आहे, शर्यतीची नाही. भाजी आणायला जायचं असतं. अॅल्युमिनियम दोन लाख किलोमीटर जातं. तुझा मऊ थर वीस मायक्रॉनचा. एकदा गेला की गेला. हंबीररावांनी तीन थरांचीच घातली होती, आणि चौदाव्या दिवशी इंजिन बसलं. यापुढे तुला काय पुरावा पाहिजे?"

तो पाने पुसत राहिला. नंतर म्हणाला, "सायबांची वही असंल की. माप लिवून ठेवायचे ते. तेवढी आणली तर..."

"वही मिळणार नाही. मी सगळं नव्याने मोजणार."

वही आहे. कपाटात वरच्या कप्प्यात, रबर लावलेली. उघडलेली नाही. त्या शेवटच्या दिवसांत ते शेडमध्ये बसून तीत लिहीत होते. माझ्याबद्दल काय लिहिलं असेल ते मला न वाचता माहीत आहे.

२ सप्टेंबर, मंगळवार

आज एस.टी.त एका बाईने विचारलं, "दर मंगळवारी सांगलीला? डॉक्टरकडे का?" मी म्हटलं, "इंजिनाकडे." ती खिडकीबाहेर बघू लागली.

झालं ते एकदा लिहूनच टाकते.

गाडीचं नाव इथे लिहीत नाही, कारण नाव घेतलं की लोक "अजून आहे?" असं विचारतात, आणि हंबीररावांबद्दलही मला तसंच विचारलं गेलेलं आहे. काळी, लांब नाकाची गाडी. फौजेतून सुटल्यावर त्यांना तिच्यात वारं भरायचं होतं. भागांची यादी केली, आणि बेअरिंगांची वेळ आली तेव्हा मी, जिच्या हाताखालून लाखो बेअरिंगं गेली ती, म्हणाले की अॅल्युमिनियम घाला. त्यांनी ऐकून घेतलं आणि तीन थरांची मागवली. त्यांच्या वहीत प्रत्येक इंजिनाचं एक पान असे. खाली दोन रकाने: बांधणारा आणि तपासणारा. तपासणाऱ्याच्या जागी कायम माझी सही. त्या वेळी ते वही घेऊन स्वयंपाकघरात आले, तेव्हा मी म्हटलं, "चुकीच्या बेअरिंगवर मी सही करत नाही." पोळ्या करत होते. मान वर केली नाही.

पाच नोव्हेंबरला अंकिताकडून परतताना खंबाटकीच्या चढावर खडखडाट झाला, आणि गाडी थांबली ती थांबलीच. टोइंगवाला येईपर्यंत दीड तास लागला. त्या दीड तासात "मी सांगितलं होतं" हे वाक्य मी किती वेळा म्हटलं ते मोजलं नाही. मोजायला हवं होतं, मोजमाप माझाच विषय.

घरी आल्यावर ते शेडमध्ये गेले आणि इंजिन उघडून बसले. अकरा दिवस. जेवायला येत, जात. बोलणं बंद. रुसले होते. त्या दिवाळीत आमच्या घरात आवाज झाला तो शेजाऱ्यांच्या फटाक्यांचा. सोळा तारखेला सकाळी अंगणात नळाखाली हात धुताना खाली बसले. पुन्हा उठले नाहीत.

आणि आठवड्याने एक पार्सल आलं. बेअरिंगं. पाव मिलिमीटर कमी मापाची, तीन थरांची. तीच! गेलेल्या माणसाचा हट्ट कुरिअरने घरी आला. मी खोकं उघडलं नाही. तीन नंबरच्या टोपीतलं जळालेलं बेअरिंग मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात ठेवलं. त्याचा घासून गेलेला चेहरा, म्हणजे शाफ्टकडची बाजू, मी महिन्यातून एकदा तरी काढून बघते. पुरावा आहे.

९ सप्टेंबर, मंगळवार

अॅल्युमिनियमची बेअरिंगं आली. माझ्याच कारखान्याची. खोक्यावरचा रंगसुद्धा तोच. हातात घेतल्यावर जरा बरं वाटलं.

दहाही मोजली. एकाच्या जाडीत चार मायक्रॉनचा फरक. परत पाठवायला सांगितली.

मल्हार म्हणाला, "चार मायक्रॉन? मॅडम, हे तर हद्दीत हाय."

"हद्दीत आहे म्हणजे काठावर आहे."

गॅरेजमध्ये दोन वाजता सगळे डबे उघडतात. मल्हारची आई तानुबाई आटपाडीहून येऊन राहिली आहे. तिने न विचारता माझ्यासमोर भाकरी ठेवली, हुलग्याचं माडगं ठेवलं. मी म्हटलं, मी दुपारी फक्त सँडविच खाते. ती म्हणाली, "खावा की ते बी. ह्ये खाऊन झाल्याव."

१६ सप्टेंबर, मंगळवार

दुसरा संच आला. खोक्याचा कोपरा चेपलेला. मी उघडूही दिला नाही.

मल्हारने पाना खाली ठेवला. "मॅडम, एक इचारू का? राग धरू नगा. बेरिंग नाकारताय का गाडी?"

"म्हणजे काय?"

"न्हाई, म्हंजे ठरलं की दोन दिसात इंजिन बांधून हुतंय. मग तुमी जाताय पुण्याला."

"ते ठरलेलंच आहे. त्याचा याच्याशी काय संबंध? चेपलेल्या खोक्यातला माल मी छत्तीस वर्षांत कधी घेतला नाही."

"व्हय मॅडम," म्हणाला. हा माणूस दिवसेंदिवस मंद होत चालला आहे. पुढच्या मंगळवारी तिसरा संच येईल. तानुबाईला वाईच्या हळदीचा पुडा नेऊन द्यायचा आहे, तिने मागितला आहे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

गेल्या मंगळवारी तिसरा संच आलाच नाही. तरी जाऊन आले.

समोरच्यांची सून सृष्टी आज गल्लीत नवरात्रातल्या हळदीकुंकवाचं बोलावणं करत होती. माझ्या फाटकाशी थांबली. "काकू, बऱ्या आहात ना?" म्हणाली, हसली आणि पुढच्या घरी गेली. मला मुळात ते प्रकार कधी आवडले नाहीत. पाचगणीला शाळेत सिस्टर फिलोमिना म्हणायच्या, नेमस्त बाई देवाशी थेट बोलते. हळदीकुंकवाला स्टीलच्या वाट्या वाटायच्या, एकमेकींच्या साड्या बघायच्या. दोन वर्षं सुटका झाली आहे ती बरीच.

संध्याकाळी बायका जाताना दिसल्या. अकरा होत्या.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

मल्हारने फोन करून बोलावलं. आज हत्यारांची पूजा, आणि तिसरा संच आला होता, निर्दोष. मोजला. नाकारायला काही सापडलं नाही.

गॅरेज धुतलेलं. पाने, जॅक, हवेची टाकी, सगळं ओळीने मांडलेलं, झेंडूच्या माळा. माझं इंजिन मधोमध, स्टँडवर उलटं. पाच टोप्या समोर फडक्यावर, पोटं वर करून. तानुबाईने ताट माझ्यापुढे धरलं.

"बाई, तुमी लावा."

"मी? मला... तुमच्यात चालणार नाही."

"आवं, मशिनीला काय ठावं कोन सवाष्ण हाय आन् कोन न्हाई? मी बी तसलीच. तीस वरसं झाली. मेंढरांना मीच लावती, ह्या पोराच्या पान्यांना बी मीच लावती. अजून एकबी मेंढरू तक्रार घिऊन आलं न्हाई."

सगळे हसले. मीही. ताट घेतलं. दोन वर्षांत बोटाला कुंकू लागलं नव्हतं. कारखान्यात दर खंडेनवमीला हे काम माझंच असायचं. सबंध शॉपमध्ये मी एकटी बाई. मी कुरकुरत लावायची, आणि पूजा आटोपली की स्वतःच्या हाताने एकेक उपकरण पुसून ठेवायची. घरी मात्र पूजा कधी केली नाही. नाही, एकदा केली.

मी टोप्यांकडे वाकले. मधल्या टोपीचा खळगा वर होता, गोलसर, कपाळासारखा. बोट पुढे केलं, तर मल्हार ओरडला.

"मॅडम, तितं नगो!"

या माणसाने मला आजवर अर्ध्या वाक्यातही अडवलेलं नाही. त्याने टोप्यांवर फडकंच ओढलं.

"भायेरनं लावा. ब्लॉकला. आत कचरा जातोय."

"एवढं ओरडायला काय झालं?" तानुबाई म्हणाली. तो माझ्याकडे बघत नव्हता. मी ब्लॉकला बाहेरून लावलं, हळद आणि कुंकू.

एस.टी.त इस्लामपूर ते कऱ्हाड बोटं बघत बसले. पुसली होती, तरी रेषांत लाल राहिलं होतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी चहा न घेता बिस्किटांचा डबा काढला.

आमच्या विभागात नवीन माणूस आला की मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायची. बेअरिंग हातात आलं की आधी पाठ बघायची, टोपीत बसते ती बाजू. चेहरा नंतर. चेहऱ्यावर जे उमटतं ते बहुतेक वेळा पाठीमागून आलेलं असतं. दोन वर्षं मी हे बेअरिंग काढून काढून चेहरा बघत होते.

उलटं केलं. पाठीवर बरोबर मध्यभागी एक डाग. काळपट तांबडा, काठाला पिवळा. बोटाच्या पेराएवढा. भाजून पोलादाला चिकटलेला. आणि पलीकडे, चेहऱ्यावर, नेमक्या त्याच जागी, घासून चकाकलेला खड्डा.

डागाची जाडी मापून बघितली. तीनदा. अठ्ठावीस मायक्रॉन.

तेलाच्या पापुद्र्याला पंचावन्नची फट होती. त्यातले अठ्ठावीस गेले.

त्या वर्षीच्या नवमीला हंबीररावांनी शेडमध्ये सगळं असंच मांडलं होतं. म्हणाले, "राजी, कारखान्यात एवढ्या मशिनींना लावलंस. माझ्या इंजिनाला एकदा लाव की." मी बेअरिंगांवरून आधीच चिडलेली. ताट घेतलं आणि मधल्या टोपीच्या खळग्यात बोट टेकलं. "घ्या, केली तुमच्या क्रँकला सवाष्ण," म्हटलं आणि आत निघून गेले. त्या दिवशी पुसायला मी थांबले नाही.

आणि ते? टोपी बसवण्याआधी तीनदा रॉकेलने धुणारे, फडक्याचा धागा राहिला तर सगळं पुन्हा उघडणारे. त्यांना काय दिसलं नसेल?

वही काढली. रबर हात लावताच तुटलं.

ते पान सापडलं. सगळी मापं, त्यांच्या ठोकळ अक्षरात. खाली: "२३-१०-२३. नवमी. टोप्या १, २, ४, ५ धुतल्या. ३ धुतली नाही. राजीने पूजा केली आहे."

रकाना, बांधणारा: सही. तपासणारा: कोरा.

पुढच्या पानावर, नोव्हेंबरातलं, दोनच ओळी. मी पुष्कळ वाक्यांची तयारी करून बसले होते. "मेन ३. कारण समजले. बेअरिंगचा दोष नाही, तीच पुन्हा मागवली, ०.२५ कमी. पुढच्या वेळी पूजेच्या आधी इंजिन बंद करून घेणे."

एवढंच. माझं नाव त्यात नाही.

पुढच्या वेळी, असं लिहिलंय.

४ ऑक्टोबर, शनिवार

लिहिण्यासारखं काही नाही. सृष्टी दसऱ्याचं सोनं द्यायला परवा आली होती म्हणे. मला बेल ऐकू आली नाही. फाटकात आपट्याची पानं होती.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सांगलीला गेले. पिशवीत दोन वस्तू होत्या: वही आणि ते कुरिअरचं खोकं, दोन वर्षं न उघडलेलं.

मल्हारला बेअरिंगची पाठ दाखवली. त्याने हातात घेतलंच नाही.

"तुला माहीत होतं."

"पयल्या दिवशी. टोपीत डाग हुता."

"म्हणून दहा मिनिटं घासत होतास. मग बोलला का नाहीस? मी दर आठवड्याला येऊन त्यांना नावं ठेवत होते, आणि तू व्हय मॅडम, व्हय मॅडम!"

त्याने हाताचं ग्रीस पुसलं. "सायबांनी तुमास्नी सांगितलं न्हाई. मग मी कोन सांगनार? आन् मॅडम, सायबांवर चिडून तुमी निदान घराभायेर तरी पडत हुता."

तानुबाईने मध्येच येऊन विचारलं, "बाई, आज भाकरी का सँडविच?"

"भाकरी," मी म्हटलं.

जेवल्यावर खोकं उघडलं. मेणकागदात दहा तुकडे, तेल सुकलेलं नाही. प्रत्येकाची आधी पाठ बघितली, मग चेहरा. मग जाडी. दहांपैकी एकही दोन मायक्रॉनच्या बाहेर नाही. माझ्या कारखान्याचा माल मी मल्हारला परत ठेवून द्यायला सांगितला. त्यात खोट नाही. पण हा पोलादी क्रँक, हे वाढवलेलं इंजिन, हा दाब. या कामाला तीन थरांचीच बेअरिंगं लागतात. दोन वर्षांपूर्वीही लागत होती. हे शांतपणे बघितलं असतं तर मला तेव्हाही कळलं असतं. मी माल बघत नव्हते. माझं ऐकलं की नाही, ते बघत होते.

"हीच बसव," म्हटलं.

"व्हय मॅडम." या वेळचा व्हय मंद नव्हता.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

इंजिन बांधून झालं. पाचही टोप्या मी स्वतः धुतल्या, तीनदा. बेअरिंगची पाठ कोरडी, चेहऱ्याला तेल. टोप्या आवळून, सोडून, फट मोजली: चोपन्न, पंचावन्न, पंचावन्न, छप्पन्न, पंचावन्न. क्रँक एका बोटाने फिरला. मल्हार म्हणाला, "बगा, लोण्यात फिरतंय." मी म्हटलं, "लोण्यात नाही, तेलात. शब्द नीट वापर." पण मी आणखी दोनदा फिरवून बघितला.

सगळं बंद करून, वरचं झाकण बसवून, शेवटचा बोल्ट आवळल्यावर तानुबाईकडे ताट मागितलं. ती म्हणाली, "आवं, नवमी झाली की. दिवाळी आली."

"पुढच्या वेळी असं ठरलं होतं," मी म्हटलं. तिला काही कळलं नाही, पण ताट आणलं. झाकणाला बाहेरून लावलं.

चारच्या सुमाराला सुरू केलं. तेलाच्या दाबाचा काटा चढला आणि थांबला. तो आवाज ऐकायला हंबीरराव मला शेडमधून हाक मारायचे, तशी हाक त्यांच्यासाठी माझ्या तोंडात आली होती. मल्हार डोळे पुसत होता. रॉकेल उडालं, म्हणाला.

१८ ऑक्टोबर, शनिवार

बुधवारी टोइंगने सांगलीला नेलेली गाडी मल्हारने इंजिन बसवून काल आणून दिली, सावकाश चालवत. जेवून एस.टी.ने परत गेला. तानुबाईने भाकऱ्या बांधून पाठवल्या आहेत, सात. मी एकटी आहे हे तिला सांगून उपयोग नाही.

उद्या सकाळी पुण्याला निघते. अंकिताला वाटतं मी कायमची येते आहे. जाताना बोगदा लागतो; घाट लागतो तो परत येताना. तो चढ मला या गाडीतून चढायचा आहे, म्हणजे परत यावंच लागणार. हे तिला तिथे पोचल्यावर सांगेन, कुकर बंद असताना. मल्हारने तेल बदलायला हजार किलोमीटरवर बोलावलं आहे. मंगळवार सांगितलाय.

त्यांच्या वहीत मंगळवारी आखलेलं नवीन पान पुरं केलं. मापं लिहिली. बांधणारा: मल्हार मेटकरी, त्याची सही सांगलीलाच घेतली होती. तपासणारा: माझी.

मग मागचं पान काढलं, दोन वर्षांपूर्वीचं. तपासणाऱ्याचा रकाना कोरा ठेवून मला निघता येईना. कोरा रकाना म्हणजे काम अर्धवट. सिस्टर फिलोमिना असत्या तर छडी बसली असती.

नियमाने भरला, कारखान्यात भरायचे तसा, शाईने.

मेन १, २, ४, ५: मंजूर.

मेन ३: नामंजूर. कारण: तपासणारी जागेवर हजर नव्हती.

राजेश्वरी हंबीरराव निंबाळकर.